दुसरी वायर कुठे जाते?

काल फोनवर तू म्हणालीस, "मामा, डेटा ॲक्विझिशनचं कार्ड आलंय, सोळा चॅनेलचं. सोमवारी सेन्सर जोडायचेत." तुझा आवाज ऐकून मला भोसरीतल्या नोकरीचा माझा पहिला महिना आठवला. इंजिनच्या टेस्ट बेंचच्या पॅनलचं दार उघडून उभा होतो. हातात स्क्रू ड्रायव्हर, समोर सदतीस पिनांचा कनेक्टर आणि त्यातून निघालेला वायरींचा गुंता. पहिली वायर उचलली, तेवढ्यात आमच्या फोरमननी मागून खांद्यावर हात ठेवला. "ही वायर कुठे जाते ते तुला माहीत आहे. दुसरी कुठे जाते?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि तो अख्खा दिवस मला नुसता मल्टिमीटर हाताळायला लावला.

तो प्रश्न मला नोकरीभर पुरला. त्यांनी मला दिला, मी माझ्या हाताखालच्या पोरांना दिला, आता तुझी पाळी. डिग्रीत तू माझ्यापेक्षा खूप पुढे आहेस. पण पुस्तकात सिग्नल एका रेषेने दाखवतात आणि पॅनलमध्ये त्याला दोन वायरी असतात. सगळी फसगत त्या न दाखवलेल्या रेषेत असते.

व्होल्टेज एका वायरीत नसतंच. दोन ठिकाणांमधला तो फरक आहे. कळसूबाई १,६४६ मीटर उंच म्हणतो ती समुद्रसपाटीपासून. पायथ्याच्या बारी गावात उभं राहून मोजलंस तर डोंगर तोच, आकडा वेगळा. कार्ड तुला आकडा देतं, पण तो कुठून मोजायचा हे तू वायर जोडताना ठरवतेस. म्हणून सेन्सर हातात घेतलास की आधी बघ: याला स्वतःची जमीन आहे, की हा अधांतरी आहे?

अधांतरी म्हणजे ज्याची एकही वायर अर्थिंगला लागलेली नाही. बॅटरीवरचं उपकरण, ट्रान्सफॉर्मरने वेगळं केलेलं आउटपुट, टोक वेगळं ठेवलेलं थर्मोकपल, हे सगळे त्रिशंकू. याउलट तीन पिनांच्या प्लगवर चालणारं, ज्याचा कॉमन आतून अर्थिंगला बांधलेला आहे असं उपकरण आपली जमीन सोबत घेऊन येतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. कॅटलॉगवर विसंबू नकोस. सप्लाय बंद कर, मीटर कंटिन्युटीवर ठेव, एक प्रोब सेन्सरच्या मायनस वायरीला आणि दुसरा अर्थिंगच्या पट्टीला लाव. वाजला तर जमिनीवरचा, नाही वाजला तर अधांतरी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि ते टाळल्यामुळे मी लोकांचे आठवडे गेलेले पाहिले आहेत.

आता कार्डाकडे ये. सॉफ्टवेअरच्या मेनूत तुला तीन पर्याय दिसतील: डिफरन्शियल, आरएसई आणि एनआरएसई. आरएसईमध्ये कार्ड सगळ्या चॅनेलांची दुसरी वायर स्वतःच्या ग्राउंडला बांधतं. डिफरन्शियलमध्ये प्रत्येक सिग्नलला दोन इनपुट मिळतात आणि कार्ड फक्त त्या दोघांतला फरक घेतं. एनआरएसईमध्ये सगळ्यांची दुसरी वायर एकच असते, पण ती कार्डाच्या ग्राउंडला न बांधता सेन्सरांच्या बाजूच्या जमिनीला नेतात. बरेच सेन्सर एकाच ठिकाणी, एकाच जमिनीवर उभे असतील आणि चॅनेल कमी पडत असतील, तर तो उपयोगी पडतो.

माझा नियम सरळ आहे. जमिनीवरचा सिग्नल आरएसईला लावायचा नाही, कधीच नाही. शंका आली की डिफरन्शियल. अधांतरी सिग्नल एक व्होल्टच्या वर असेल आणि वायर तीन मीटरच्या आत असेल, तर आरएसई चालेल. डिफरन्शियल केलं की सोळाची आठ चॅनेल होतात आणि वरून कुरकूर होते, "निम्मं कार्ड वाया घालवलं." होऊ दे. आठ खरे आकडे सोळा संशयित आकड्यांपेक्षा महाग नाहीत.

एक बारीक गोष्ट. डिफरन्शियलमध्ये शेजारशेजारची चॅनेल जोडीला येतील असं वाटतं. पण सोळा चॅनेलच्या बऱ्याच कार्डांत ० ची जोडी ८ शी असते, १ ची ९ शी. नवीन माणूस ० आणि १ मध्ये दोन वायरी खोचतो आणि दिवसभर डोकं धरून बसतो. टर्मिनलचा नकाशा छापून पॅनलच्या दाराला आतून चिकटव.

जमिनीवरच्या सिग्नलबद्दल मी इतका हट्टी का, ते सांगतो. फॅक्टरीच्या शेडमध्ये एका टोकाची अर्थिंगची पट्टी आणि दुसऱ्या टोकाची पट्टी दोन्ही जमिनीतच गेलेल्या असतात, तरी त्यांच्यात व्होल्टेज असतं. वायरिंग नीट असलेल्या इमारतीतही एक मिलिव्होल्टपासून शंभर मिलिव्होल्टपर्यंत, आणि वायरिंग खराब असेल तर कितीतरी जास्त. इंजिन एका पट्टीवर, काँप्युटर दुसऱ्या पट्टीवर. तू मधे सिग्नलची वायर टाकून दोन जमिनी एकमेकींना बांधल्यास की तो करंट तुझ्या वायरीतून वाहायला लागतो.

आमच्या बेंचवर एक्झॉस्टचं तापमान घ्यायला के टाइपची थर्मोकपल होती. इंजिन बंद असताना रीडिंग शांत. इंजिनवर भार टाकणारा डायनो आणि त्याची ड्राइव्ह चालू झाली की रीडिंग पन्नासेक अंश वर-खाली नाचायचं. तीन दिवस आम्ही तिघं झगडलो. सेन्सर बदलला, केबल बदलली, कार्ड काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं. चौथ्या दिवशी फोरमन आले, थर्मोकपल इंजिनमधून बाहेर काढलं, मीटरचा एक प्रोब त्याच्या स्टीलच्या नळीवर ठेवला, दुसरा वायरीवर. मीटर वाजला. आमच्या तिघांच्याही लक्षात न आलेली गोष्ट एका बीपमध्ये समजली.

थर्मोकपल दोन तऱ्हेची मिळतात. एकात दोन तारांचा जोड नळीच्या टोकाला आतून वेल्ड केलेला असतो, त्यामुळे उष्णता लवकर पोचते. दुसऱ्यात जोडाभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरून तो नळीपासून अलग ठेवतात. आमच्याकडे लवकर प्रतिसाद देणारी म्हणून पहिल्या जातीची आली होती. म्हणजे थर्मोकपलची जमीन इंजिनचा ब्लॉक, आणि आम्ही मायनस वायर कार्डाच्या ग्राउंडला जंपरने बांधलेली. के टाइपला एका अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. दोन जमिनींत दोनच मिलिव्होल्टचा फरक पडला तरी जवळजवळ पन्नास अंशांचा गोंधळ होतो. फोरमननी जंपर काढला, चॅनेल डिफरन्शियल केलं, आणि ड्राइव्ह चालू असतानाही रीडिंग स्थिर झालं. नवीन सेन्सर, नवीन केबल, सगळं उगाच आणलेलं.

याची उलट चूकही तितकीच होते. "डिफरन्शियल चांगलं" एवढंच ऐकलेला माणूस अधांतरी थर्मोकपलच्या दोन वायरी इनपुटांत घालतो आणि निघून जातो. पण कार्डाच्या इनपुटातून अगदी बारीक करंट सतत ये-जा करत असतो, त्याला परतीची वाट लागते. वाट नसली की दोन्ही वायरी मिळून हळूहळू वर किंवा खाली सरकतात, आणि शेवटी कार्डाच्या मर्यादेबाहेर जातात. लक्षण ओळखून ठेव: सकाळी रीडिंग बरोबर, चहा घेऊन येईपर्यंत थोडं सरकलेलं, जेवणाच्या सुट्टीनंतर एका टोकाला घट्ट चिकटलेलं. उपाय एका रेझिस्टरचा. मायनस वायरीपासून कार्डाच्या ॲनालॉग ग्राउंडला १० ते १०० किलोओहमचा एक रेझिस्टर लाव. त्रिशंकूला जमिनीवर आणायचं नाही, त्याला नुसती एक दोरी बांधायची.

सेन्सरचा स्वतःचा रेझिस्टन्स मोठा असेल, तर दोन्ही वायरींना सारखेच रेझिस्टर लाव, म्हणजे दोन्हीकडे शिरणारा कचरा सारखा राहील आणि फरक काढताना तो वजा होईल. त्याची किंमत मात्र मोजून ठेव. सेन्सर २ किलोओहमचा आणि रेझिस्टर १००-१०० किलोओहमचे असतील, तर सिग्नल एक टक्क्याने कमी दिसेल.

थर्मोकपलच्या वायरी हाताळताना रंगांवर जाऊ नकोस. आपल्या हाताला सवय लाल म्हणजे प्लस. अमेरिकन पद्धतीच्या थर्मोकपलमध्ये लाल वायर मायनस असते, के टाइपची प्लस पिवळी. युरोपीय पद्धतीत के टाइपची प्लस हिरवी आणि मायनस पांढरी. दुकानात दोन्ही मिळतात आणि एकाच पॅनलमध्ये दोन्ही सापडतात. फोरमनच्या खिशात कायम एक छोटं लोहचुंबक असायचं. के टाइपच्या दोन तारांपैकी ॲल्युमेलची तार चुंबकाला हलकीशी ओढली जाते, आणि तीच मायनस. सोललेली तार चुंबकाजवळ धर, ती बोटांत किंचित वळते ते जाणवेल. रंग उडालेल्या, तेलाने काळ्या पडलेल्या वायरींवर या चुंबकाने मला कधी फसवलं नाही.

आणि थर्मोकपलला मधे साधी तांब्याची वायर जोडून लांबी वाढवू नकोस. त्यासाठी त्याच जातीची कॉम्पेन्सेटिंग केबल लागते. कार्डाच्या टर्मिनलपाशी जिथे तांब्याशी गाठ पडते, तिथलं तापमान कार्ड वेगळ्या सेन्सरने मोजून हिशोबात धरतं. म्हणून त्या टर्मिनलवर पंख्याचा झोत किंवा एसीचा वारा येता कामा नये. एकदा एका मुलाने उकडतंय म्हणून टेबलफॅन पॅनलकडे वळवला आणि सगळ्या चॅनेलांवर तापमान दोन अंशांनी सरकलं.

रेंज. इथे आळस फार महाग पडतो. बारा बिटांच्या कार्डाचे ४,०९६ काउंट, म्हणजे मोजण्याच्या पायऱ्या. रेंज उणे दहा ते अधिक दहा व्होल्ट ठेवलीस, तर एक काउंट ४.८८ मिलिव्होल्टचा. के टाइपच्या भाषेत एक काउंट म्हणजे सुमारे १२० अंश! तापमान मोजायला एवढ्या जाड पट्टीचा काय उपयोग? सोळा बिटांचं कार्ड असेल तर ६५,५३६ काउंट, एक काउंट ०.३०५ मिलिव्होल्ट, तरीही सात अंशांवर. तेच कार्ड अधिक-उणे १०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेव, एक काउंट तीन मायक्रोव्होल्टवर येतो, अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक. कार्ड तेच, पैसा तोच, फक्त मेनूतली एक ओळ. प्रत्येक चॅनेलला जास्तीत जास्त किती व्होल्ट येतील ते आधी वहीत लिहून ठेव आणि त्याच्या जरा वरची रेंज निवड. पोरं दहा व्होल्टवर सगळं ठेवून देतात, कारण कार्ड उघडलं की तेच आधी समोर येतं.

घरी तुझा भाऊ आर्डुइनोवर खेळतो, त्यालाही हे सांग. त्याचे १,०२४ काउंट आणि पाच व्होल्ट, म्हणजे तिथेही एक काउंट ४.८८ मिलिव्होल्टच. शिवाय उणे व्होल्टेज त्याच्या पिनेला चालत नाही.

लोड सेल जोडणार आहेस म्हणालीस, तर हा भाग दोनदा वाच. लोड सेलच्या आत चार रेझिस्टरांचा ब्रिज असतो. त्याच्या लेबलवर बहुधा २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट लिहिलेलं असतं. दहा व्होल्टचं एक्सायटेशन दिलंस आणि पूर्ण वजन टाकलंस, तरी हातात येणार वीस मिलिव्होल्ट. हे वीस मिलिव्होल्ट जमिनीवर बसलेले नसतात, पाच व्होल्टांच्या माचावर बसलेले असतात. कारण ब्रिजच्या दोन्ही आउटपुट वायरी एक्सायटेशनच्या निम्म्यावर असतात आणि आपल्याला हवा त्यांच्यातला इवलासा फरक. ही मोजणी डिफरन्शियलनेच होते. आरएसईवर टाकलीस तर एक आउटपुट वायर जमिनीला लागेल, म्हणजे ब्रिजचा एक हात शॉर्ट. वजन टाकण्याआधीच रीडिंग पाच व्होल्टांच्या घरात, आणि सगळे म्हणणार लोड सेल खराब. एका कारखान्यात मी तीन चांगल्या लोड सेल भंगारात टाकलेल्या पाहिल्या आहेत. तिन्ही मी घरी आणून तपासल्या. तिन्ही ठणठणीत होत्या.

प्रत्येक कार्डावर डिफरन्शियललाही एक कुंपण असतं. फरक कितीही छोटा असो, दोन्ही वायरी मिळून जमिनीपासून साधारण दहा-अकरा व्होल्टांच्या पलीकडे गेल्या, तर कार्ड चुकीचं वाचतं, आणि आणखी पुढे गेल्या तर जळतं. ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रेशर ट्रान्समीटरमध्ये ही चूक हमखास होते. करंटचं व्होल्टेज करायला २५० ओहमचा रेझिस्टर लागतो, ४ मिलिअँपिअरला १ व्होल्ट, २० ला ५ व्होल्ट. हा रेझिस्टर परतीच्या बाजूला, ग्राउंडकडे टाक. चोवीस व्होल्टांच्या बाजूला टाकलास तर त्याच्या दोन्ही टोकांना विसाच्या आसपास व्होल्ट बसलेले असतील आणि कार्डाचा जीव जाईल. रेझिस्टर ०.१ टक्क्याचा घे, आणि तो कार्डाच्या टर्मिनलवरच बसव, दूरच्या ट्रान्समीटरपाशी नको. लांबच्या वायरीत करंट कमी होत नाही, व्होल्टेज बिघडतं. या पद्धतीचं मला फार कौतुक वाटतं ते तिच्या शून्यामुळे. प्रेशर शून्य असलं तरी चार मिलिअँपिअर येतात, म्हणजे एक व्होल्ट. रीडिंग एक व्होल्टच्या बरंच खाली गेलं की समज, वायर तुटली. सेन्सर गप्प आहे की मेलाय, हे इतक्या स्पष्टपणे दुसरं कुणी सांगत नाही.

आता एक चकवा, जो फार हुशार माणसांनाही गंडवतो. बहुतेक कार्डांत सोळा चॅनेलांसाठी मोजणारा एकच असतो. तो पाळीपाळीने एकेका चॅनेलकडे जातो. पंगतीत वाढपी एक आणि पळीही एकच. आमटीतून काढलेली पळी न निथळता तशीच खिरीत घातली तर काय होईल? पाच व्होल्टांच्या चॅनेलनंतर लगेच पाच मिलिव्होल्टांचं चॅनेल घेतलंस तर तेच होतं. आधीच्या चॅनेलचा थोडा चार्ज आत राहतो आणि पुढच्याच्या रीडिंगमध्ये मिसळतो. पळी निथळू दे. म्हणजे दोन चॅनेलांमधला वेळ वाढव, घाईने कमाल वेग लावू नकोस. सारख्या रेंजची चॅनेल एकत्र ठेव. मोठ्यावरून छोट्यावर जाताना मधे एक रिकामं, ग्राउंडला बांधलेलं चॅनेल घाल. आणि सेन्सरचा रेझिस्टन्स एक किलोओहमपेक्षा फार जास्त असेल, तर मधे बफर लाव, कारण तिथून पळी फार सावकाश भरते आणि सावकाश रिकामी होते.

याच स्वभावामुळे तुटलेली वायर जिवंत दिसते. एका रात्रपाळीत तिसऱ्या चॅनेलवरचं ऑइल प्रेशर दुसऱ्या चॅनेलच्या पावलावर पाऊल टाकून चाललं होतं. सगळे खूश, काय छान संबंध आहे म्हणून. मी टर्मिनल बघितलं तर तिसऱ्याची वायर स्क्रूच्या बाहेर लोंबत होती. उघडं चॅनेल शेजाऱ्याचं रीडिंग उसनं घेऊन दाखवत होतं. काही कार्डांत उघड्या चॅनेलवर ठरावीक आकडा येतो. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या यूएसबी ६००८ आणि ६००९ वर काहीही न जोडता सुमारे १.४ व्होल्ट दिसतात, ते आतल्या रेझिस्टरांच्या जोडणीमुळे. तो दोष नाही, पण माहीत नसलं तर माणूस त्या १.४ चा अर्थ लावत बसतो. रिकामी चॅनेल ग्राउंडला बांधून ठेव, शून्य दिसू दे.

सॅम्पलिंगचा नियम तुला शिकवलाय, सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने रीडिंग घ्यायची. मी फक्त आपल्या लाइनच्या ५० हर्ट्झबद्दल सांगतो. सेकंदाला ५१ रीडिंग घेतलीस तर लाइनची गुणगुण एका सेकंदाच्या मंद लाटेसारखी दिसेल, आणि तू म्हणशील इंजिन श्वास घेतंय. नेमकी ५० घेतलीस तर ती गुणगुण लाटेसारखी दिसणारच नाही, ती रीडिंगमध्ये कायमची मिसळून बसेल आणि तुला कळणारही नाही. एकदा आत शिरलेलं हे सॉफ्टवेअरने काढता येत नाही, फिल्टर कार्डाच्या आधी लागतो. तापमानासारख्या संथ गोष्टीसाठी सोपा मार्ग असा: सेकंदाला १,००० रीडिंग घे आणि वीस-वीसची सरासरी काढ. वीस मिलिसेकंद म्हणजे लाइनचं एक पूर्ण आवर्तन. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांना खाऊन टाकतात.

वायरिंगच्या सवयी भराभर सांगतो. सिग्नलच्या दोन वायरी वेणीसारख्या पिळलेल्या हव्यात, शेवटच्या इंचापर्यंत. शील्ड एकाच टोकाला जमिनीला लाव, दोन्हीकडे नको, दोन घरचा पाहुणा उपाशी. ड्राइव्ह आणि काँटॅक्टरच्या केबलीबरोबर एका ट्रेमधून सिग्नल नेऊ नकोस, आणि ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांड. रिले आणि सोलेनॉइडचा परतीचा करंट कार्डाच्या ॲनालॉग ग्राउंडवर कधीच आणू नकोस. तारेच्या टोकाला कथील लावून ती स्क्रूखाली दाबू नकोस. कथील मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, महिन्याभरात स्क्रू सैल आणि लूज काँटॅक्ट. फेरुल क्रिंप कर आणि मग वायर ओढून बघ, दर वेळी.

रीडिंग नाचायला लागलं तर घाबरू नकोस. लॅपटॉपवर काम करत असशील तर चार्जर काढ. नाच थांबला तर काँप्युटरच्या बाजूच्या जमिनीचा प्रश्न आहे. नाही थांबला तर सेन्सर काढून त्याच्या जागी, सेन्सरच्या टोकालाच, दोन्ही वायरी एकमेकींना बांध. तरीही नाचत असेल तर केबलमधून शिरतंय. तिथे शांत झालं तर सेन्सर किंवा त्याची जमीन. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही.

२३० व्होल्टांची लाइन या कार्डाला थेट लावायची नाही. तिचं शिखर ३२५ व्होल्टांवर जातं, आणि चुकून लागली तर कार्डाबरोबर काँप्युटर आणि कीबोर्डवरचा तुझा हातही त्यात सापडतो. त्यासाठी अलग करणारे मॉड्यूल मिळतात, ते मागून घे, दिले नाहीत तर काम थांबव. सीटीची, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरची, सेकंडरी चालू लाइनवर उघडी करायची नाही, तिच्या टोकांवर जीवघेणं व्होल्टेज येतं. या दोन गोष्टींत तुझ्या साहेबांचंही ऐकू नकोस.

सोमवारी गेल्यावर सेन्सरना हात लावू नकोस. आधी सगळी चॅनेल एकेक करून ग्राउंडला बांध आणि शून्य किती येतं ते लिही. मग खिशातून पेन्सिल सेल काढ. नवीन सेल १.५ ते १.६ व्होल्टचा असतो. तो मल्टिमीटरने मोज, प्रत्येक चॅनेलवर लाव, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही. सेल हा अधांतरी असतो, तेव्हा डिफरन्शियलवर त्याच्या मायनसला दोरी बांधायला विसरू नकोस. त्यानंतर मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून बेंचच्या अर्थिंगच्या पट्टीपासून काँप्युटरच्या अर्थिंगपर्यंत मोज, एकदा ड्राइव्ह बंद असताना, एकदा चालू असताना. ते दोन आकडे मला संध्याकाळी फोनवर सांग. मी जागा असेन, मग कुठलं चॅनेल कसं जोडायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.